हनुवटीवरच्या केसांसाठी पार्लरमध्ये लेझर केलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की तालुक्यातल्या पार्लरवाल्या सहा सिटिंगचं पॅकेज देतायत, मे मध्ये घरात लग्न आहे, आणि लेझरने कॅन्सर होतो असं कोणीतरी सांगितलंय. कॅन्सरचं मनातून काढून टाका, हा प्रकाश एक्स-रेसारखा नसतो. खरी भीती भाजण्याची. मी रत्नागिरीत स्किनच्या डॉक्टरांकडे कामाला आहे, भाजून आलेल्या बायका बघते म्हणून सांगते.

लेझर केसातल्या मेलॅनिनवर, म्हणजे काळ्या रंगावर, काम करतं, ते तापलं की केसाचं मूळ जळतं, पण तेच मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतपण भरपूर असतं ना, मग सेटिंग चुकलं की आधी फोड येतो आणि मग काळा डाग, तो जायला महिनोन्महिने लागतात. आपल्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर सगळ्यात सेफ, ८१० च्या आसपासचं डायोड लेझरपण चांगलं कूलिंग असेल तर चालतं. पार्लरमध्ये बऱ्याचदा आयपीएल नावाचं मशीन असतं आणि तेच लेझर म्हणून खपवतात. ते लेझर नाहीच, फ्लॅश आहे, आणि सावळ्या कातडीवर त्याचा जास्त धोका. मशीन कुठलं, चालवणार कोण, आधी पॅच टेस्ट (थोड्याशा जागेवर मारून बघणं) करणार का, डोळ्यांना गॉगल देणार का, एवढं विचारा, उत्तर देताना बाई गडबडली तर सरळ घरी या.

आणि मे चं म्हणाल तर राहूदे. सहा ते आठ सिटिंग लागतात, दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे, त्यात आता काजू-आंब्याचा सीझन, दिवसभर बागेत उन्हात, अशा टॅन झालेल्या चेहऱ्यावर कोणी शहाणा डॉक्टर लेझर मारणार नाही (काजूचा चीक उडून भाजलं असेल तर विषयच संपला). लग्नापुरतं थ्रेडिंग करा. पावसात सुरू करा, त्याच्या आधी महिनाभर थ्रेडिंग-वॅक्सिंग बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर मारणार कशावर? फक्त भातलावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिसचा ताप येऊ नये म्हणून) डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या देतात त्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याने कातडी उजेडाला नाजूक होते. गोरं व्हायची ट्यूब लावत असाल तर तीपण दाखवा, बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं.

पाळी पुढेमागे होते का हे तुम्ही लिहिलं नाहीत. हनुवटीवर जाड केस म्हणजे पीसीओएस (हार्मोन्सची गडबड) असू शकतं, ते तसंच ठेवून लेझर केलं तर केस परत येतात आणि पैसे पाण्यात. गालावरची बारीक लव मात्र सोडून द्या, लेझरने ती उलट वाढलेली बघितलीय. पांढऱ्या केसांवर तर काहीच होत नाही.

सिटिंगच्या आदल्या दिवशी नुसता रेझर फिरवून जा, रेझरने केस जाड होत नाहीत. हनुवटीवर तीळ असेल तर आधी दाखवा, तो झाकून बाजूने करतात.