इंग्रजीतल्या 'एअर' या जुन्या शब्दयोगी अव्ययाचा अर्थ काय, तो आला कुठून आणि आज वापरावा का?

'एअर' म्हणजे आधी, पूर्वी. स्पेलिंग ई-आर-ई, उच्चार हवेच्या एअरसारखाच. इथेच थांबलो असतो, पण या तीन अक्षरांनी नववीत माझं भर वर्गात हसं केलंय.

शाळेच्या भित्तिपत्रकात उलटसुलट सारख्या वाक्यांचं सदर माझ्याकडे होतं. 'चिमा काय कामाची', 'रामाला भाला मारा' सगळ्यांना पाठ. म्हणून मी ऐटीत नेपोलियनच्या नावावर खपवलं जाणारं वाक्य दिलं, 'एबल वॉज आय एअर आय सॉ एल्बा'. एल्बा बेट दिसेपर्यंत माझ्यात धमक होती, असं. 'एबल' उलटं लिहिलं की 'एल्बा', 'वॉज' उलटं की 'सॉ', आणि मधोमध ई-आर-ई, दोन्हीकडून तोच. इंग्रजीच्या सरांनी लाल शाईने नेमका तोच खोडला, वर 'बिफोर' लिहिलं आणि म्हणाले, "असा शब्दच नाही. स्पेलिंग तरी बघत जा." अर्थ अचूक, वाक्याचा मात्र मुडदा. तो आठवडाभर भिंतीवर लटकत होता.

शब्द आहे, चांगला हजार वर्षांहून जुना. जुन्या इंग्रजीत 'ॲर'. 'अर्ली' त्याच्याच घरातला. 'सगळ्यांत आधी' याला 'अर्स्ट', आणि त्यातून 'अर्स्टव्हाइल', म्हणजे पूर्वीचं. आपले इंग्रजी पेपर 'अर्स्टव्हाइल संस्थान' लिहितात ना, तोच. म्हणजे सर पेपरात याचा सख्खा नातेवाईक वाचून शाळेत येत होते!

वापरायचं म्हणाल, तर अर्जात, मेलमध्ये नको, हसतील. कवितेत खपतो. 'एअर लाँग' म्हणजे लवकरच, हे जुन्या कादंबऱ्यांत भेटेल. आमचा दादा अजून म्हणतो, सरांचंच बरोबर, कोणी वापरत नाही तो शब्द चूकच. या हिशेबाने आजीच्या जात्यावरच्या ओव्या लाल शाईने भराव्या लागतील.

हां, मधे ॲपॉस्ट्रॉफी असलेला 'एअर' वेगळा, तो 'एव्हर'चा संक्षेप. आणि नेपोलियन ते वाक्य बोललेला नाही. १८१४ साली हद्दपार करून एल्बावर धाडला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं, शिकायला बसला तो पुढे सेंट हेलेना बेटावरच्या कैदेत. शिवाय माझ्या वाक्यातला 'एअर' नामाला नाही, अख्ख्या वाक्याला जोडलाय, म्हणजे तुम्ही विचारता तसा शब्दयोगी नव्हे, उभयान्वयी. सरांनी ही चूक काढली असती तर गुपचूप ऐकून घेतलं असतं.