नवरा एचआयव्हीची टेस्ट करायला तयारच होत नाही. पुरुष एवढं का टाळतात? त्याला कसं समजवू?

घाबरतात म्हणून, दुसरं काय. आणि भीती मरणाची कमी, चारचौघांत मान खाली जाण्याची जास्त. माझ्या थोरल्या भावाचं सगळं डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितेय.

वहिनीला दिवस गेले तेव्हा नेहमीच्या तपासण्यांत तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दादाला टेस्ट कर म्हटलं तर म्हणे मी धडधाकट आहे, मला काय धाड भरलीय. ती बिचारी एकटी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, जायची, एक गोळी चुकवली नाही, बाळ निगेटिव्ह निघालं, आणि बोल कुणाला तर तिलाच, हिनंच रोग आणला म्हणून. दादा गप्प. शेवटी टीबी झाला, हाडं वर आली, तेव्हा कुठे टेस्ट झाली आणि सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, २०० च्या पण खाली. गोळ्या सुरू झाल्या तरी बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून काढायचा, आत कापूस कोंबायचा म्हणजे बॅगेत वाजायला नको, आणि सेंटरच्या दारात ओळखीचं कुणी दिसलं की औषध न घेताच माघारी.

बाई गरोदरपणात तरी तपासणीत सापडते, पुरुषाला तसं निमित्तच नाही. त्यात कमावत्या माणसाने आजारी पडायचं नाही हे डोक्यात भरवलेलं.

दादा सरळ झाला तो आमच्या बोलण्याने नाही, सेंटरमधल्याच एका जुन्या पेशंटने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही. २०१६ आणि २०१९ मध्ये आलेल्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासांत, एक जण पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशा जोडप्यांत, हेच दिसलंय. (गोळ्या थांबवल्या तर ही खात्री संपली, आणि सुईतून होणाऱ्या लागणीला हे लागू नाही.) तुमच्या नवऱ्यालाही असाच एखादा पुरुष भेटवा, लेक्चर नको. दवाखान्याचीच लाज वाटत असेल तर घरी करायचं सेल्फ टेस्ट किट असतं, पण पॉझिटिव्ह आलं तर लॅबमध्ये पक्कं करावंच लागतं.

आणि आमच्या काकांसारखं कुणी म्हणालं की बाईचा रिपोर्ट आधी आला म्हणजे तिच्यापासूनच आला, तर तोंडावर सांगा, आधी तपासलं कुणाला एवढंच त्यातून कळतं, कुणापासून कुणाला झालं ते नाही. काका अजून मानत नाहीत. म्हणून तुमची टेस्ट झाली नसेल तर दोघं एकाच दिवशी करा, म्हणजे आधी कोण हा विषयच घरात निघणार नाही.