कोच असतानाच पुढचं बघ

भावा, तालमीच्या फुटबॉल संघाचं काम अंगावर घेतलंस, बरं केलंस. तुमचा कोच कडक आहे, त्याच्या हाताखाली पोरं घडतायत. म्हणूनच आत्ता सांगतो, तो गेल्यावरचं आजपासून बघायला लाग.

इंग्लंडच्या लीड्स क्लबचं बघ. बिएल्सा २०१८ मध्ये कोच म्हणून आले आणि २०२० मध्ये १६ वर्षांनी संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये गेला. सरावात चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत, दम घ्यायला उसंत नाही. मैदानभर माणसामागं माणूस, म्हणजे प्रत्येकानं समोरचा एक खेळाडू धरायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना काढलं, २०२३ मध्ये संघ खालच्या लीगमध्ये घसरला. कारणं बरीच होती, पण एकाच माणसाच्या पद्धतीत मुरलेला संघ दुसऱ्याच्या हाताला लवकर लागत नाही, हे मला पटलंय. लिव्हरपूलचे कोच क्लॉप यांनी मात्र आपण जाणार हे जानेवारी २०२४ मध्येच सांगितलं. क्लबला नवा कोच शोधायला वेळ मिळाला, आणि त्यांच्या जागी आलेल्या स्लॉटनी पहिल्याच हंगामात लीग जिंकली.

आमचे कोच अचानक गेले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पहिल्याच कॉर्नरला आमची दोन पोरं एकाच खेळाडूला धरून उभी, मागचा मोकळा. गोल बसला. सगळं कोचच्या डोक्यात होतं, कागदावर एक ओळ नाही.

तेव्हा एक जाड वही घाल. सराव, कॉर्नरच्या जागा, कुणाचा गुडघा दुखतो, सगळं लिही. तालमीतलाच एक जुना खेळाडू कोचच्या शेजारी उभा कर, आठवड्यातला एक सराव त्याला घेऊ दे. कोचला हे आधी विश्वासात घेऊन सांग, चोरून नको. वहीची पहिली पानं भरायला मी येतो.