७२ वर्षांच्या आईच्या सीटी स्कॅनमध्ये अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर (मूत्रपिंडाच्या वर असणारी, हार्मोन बनवणारी ग्रंथी) २.५ सेंमीची गाठ दिसली आहे. लगेच ऑपरेशन करावं लागेल का?

बहुतेक तरी नाही, पण तपासण्या मात्र टाळू नका. माझ्या सासऱ्यांचा मुतखड्यासाठी सीटी केला तेव्हा अशीच गाठ निघाली होती, त्यामुळे तुमच्या जिवाची घालमेल समजू शकते. सत्तरी ओलांडलेल्या शंभर माणसांचे असे स्कॅन केले, तर पाच-दहा जणांत अशी गाठ सापडते. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात.

रिपोर्टमध्ये आधी 'एचयू' (HU, म्हणजे स्कॅनवर गाठ किती घट्ट दिसते याचं माप) हा आकडा शोधा. तो डाय न देता केलेल्या प्लेन सीटीवरचाच हवा. गाठ सगळीकडे एकसारखी आणि आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर कॅन्सरची भीती जवळपास संपते. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा गाठीसाठी पुन्हा स्कॅन करायचीही गरज नसते.

तरी हार्मोनचं बघावंच लागतं, आणि लोक नेमकं तेच सोडून देतात. डॉक्टर रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी घ्यायला सांगतात आणि सकाळी आठ-नऊच्या दरम्यान रक्तातलं कॉर्टिसॉल (याच ग्रंथीचं एक हार्मोन) तपासतात. सासरे साडेनऊलाच झोपणारे, म्हणून गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून गजर लावला होता. कॉर्टिसॉल १.८ (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याखाली आलं तर उत्तम. वर राहिलं, तर गाठ स्वतःच ते बनवत असण्याची शक्यता असते. आईंची शुगर किंवा बीपी औषधं घेऊनही आटोक्यात येत नसेल, मणक्याचं हाड मोडलं असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ऑपरेशनचा निर्णय अशा गोष्टींवर ठरतो, नुसत्या वयावर नाही.

बीपी असेल तर अल्डोस्टेरॉन-रेनिन ही बीपीशी संबंधित हार्मोनची रक्ततपासणीही करतात. एचयू १० च्या वर असेल तर मेटानेफ्रिनची तपासणी हवीच. ती झाल्याशिवाय गाठीत सुई घालून तुकडा काढायला होकार देऊ नका. गाठ फिओक्रोमोसायटोमा (अ‍ॅड्रेनॅलिनसारखी हार्मोन्स सोडणारी गाठ, मेटानेफ्रिनची तपासणी हिच्यासाठीच असते) निघाली, तर बीपी एकदम भडकून जिवावर बेतू शकतं.

गाठी दोन्ही बाजूंना असतील तर आपल्याकडे टीबीचाही विचार करतात. पूर्वी टीबी किंवा कुठला कॅन्सर झाला असेल तर तो लपवू नका. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जाताना नुसता रिपोर्ट नको, स्कॅनची सीडीही न्या.