टॉक्सिक म्हणण्याआधी बिब्बा आठवा

प्रश्न असा आला आहे: टेबलटॉप रोलप्लेइंगच्या (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायच्या खेळाच्या) एका गटात एक जण सारखा नियमपुस्तकातलं पान उघडून गेममास्टरशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्याशी, हुज्जत घालतो. बाकीचे त्याला 'टॉक्सिक' म्हणतात. हे बरोबर आहे का, आणि 'टॉक्सिक'ला मराठीत काय म्हणावं?

बरोबर नाही. अशा माणसाला या खेळात 'रूल्स लॉयर' हे नाव फार आधीपासून आहे. तो पिडतो, जांभया आणतो, पण म्हणून लगेच टॉक्सिक? हल्ली कुणी उशिरा आला तरी टॉक्सिक, फासा उलटा पडल्यावर तोंड पाडून बसला तरी टॉक्सिक. २०१८ साली ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला; खरं तर तेव्हाच त्याला सक्तीच्या रजेवर पाठवायला हवं होतं. मग जो सोबत्यांच्याच पात्रांना लुटतो, कुणी नको म्हटलेला प्रसंग मुद्दाम रेटतो आणि हटकलं की 'माझं पात्र असंच वागलं असतं' म्हणून हात झटकतो, त्याच्यासाठी शब्द उरतो कुठला?

बोलीतल्या शब्दांचे अर्थ सरकतात हे मला मान्य आहे. 'मंचकिन' पाहा. १९०० साली एल. फ्रँक बॉमच्या मुलांसाठीच्या कादंबरीत, ओझ नावाच्या जादूच्या देशात, ही बुटकी, निरुपद्रवी माणसं होती. खेळणाऱ्यांनी ते नाव आधी पोरकट खेळाडूंना चिकटवलं, मग नुसती ताकद गोळा करत सुटणाऱ्यांना. 'ग्रोन्यार' म्हणजे नेपोलियनचे कुरकुरे जुने शिपाई. आता जुने खेळाडू ते बिरुद छाती फुगवून मिरवतात. असं सरकणं चालतं. सरकता सरकता शब्द पातळ होऊन वाहून गेला, तर मात्र चालत नाही.

आता खरी गंमत. 'टॉक्सिक' ग्रीकमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ विष, असं ठोकून देणाऱ्यांनी अर्धीच वाट चाललेली असते. ग्रीक 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य. 'टॉक्सिकॉन फार्माकॉन' म्हणजे धनुष्याचं, अर्थात बाणांना फासायचं विष. त्या जोडीत विष होतं ते 'फार्माकॉन'मध्ये! पुढे ते गळालं, बिचाऱ्या विशेषणाच्या माथी सगळं विष आलं, आणि खरा गुन्हेगार 'फार्मसी'ची पाटी लावून औषधं विकत बसला. ('फार्माकॉन'चा अर्थ औषधही होता म्हणा.)

यावर मराठीत 'विषारी वर्तन' असा प्रतिशब्द सुचवणारे विद्वान आहेत. त्यांनी तो आपल्यापाशीच ठेवावा. 'विषारी खेळाडू' म्हटलं की मला फणा दिसतो. बोलण्यापुरता 'विखारी' चांगला आहे, पण खेळ नासवणाऱ्यासाठी आपल्या पोराटोरांच्या तोंडी कधीपासूनचा शब्द आहे: चिडका बिब्बा! नुसता चिडका नाही, बिब्बा. का? कारण बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की उततो, फोड येतात. संस्कृतात त्याचं एक नाव 'अरुष्कर', म्हणजे जखम करणारा. आणि दुसरं, नेहमीचं नाव 'भल्लातक'. 'भल्ल' म्हणजे एक प्रकारचा बाण. आपला 'भाला' त्याच्याच घरातला. म्हणजे ग्रीकांचं विष धनुष्यावरून आलं, तर आपला बिब्बा बाणावरून! 'भल्लातक'चं 'भल्ल'शी नातं ही पंडितांनी मागाहून जुळवलेली सोयरीक आहे, असं काही जण नाक मुरडून सांगतील. सांगोत. धनुष्य तिकडे आणि बाण इकडे अशी जोडी हाती लागल्यावर मी ती सोडणार नाही. त्यातून बिब्बा शुद्ध करून घेतला की आयुर्वेदात औषध, म्हणजे 'फार्माकॉन'चा दुटप्पीपणाही त्याच्याकडे आहेच.

शिवाय 'बिब्बा घालणे' हा तयार वाक्प्रचार आहे. चाललेल्या कामात, रंगलेल्या डावात कुणीतरी बिब्बा घालतं. गेममास्टरने तीन आठवडे खपून रचलेल्या मोहिमेत एकाने मजा म्हणून दूताचाच गळा चिरला, तर त्याने बिब्बा घातला. याहून नेमकं इंग्रजीतही सांगता येत नाही. 'रडीचा डाव' वेगळा, तो हरणाऱ्याचा. बिब्बा घालणारा जिंकत असतानाही घालतो.

तर तुमच्या गटातल्या त्या नियमवाल्याचं काय? हो, तो राहिलाच. तो शब्दाशब्दाचा कीस काढतो, म्हणून त्याला 'कीसकाढ्या' म्हणा. आणि जरा सांभाळून घ्या, आमच्याच जातकुळीतला आहे तो.