वाचक विचारतात : एकच ‘ऊर’, मग वॉच की क्लॉक?

प्रश्न : बडोद्यातल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन तंत्रज्ञांना मी इंग्रजी शिकवते. भिंतीवरच्या घड्याळाला ते ‘वॉच’ म्हणतात आणि सूरसागर तलावाला ‘सी’. शब्द पाठ करून घेतले तरी तीच चूक होते. काय करावं?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : नुसत्या पाठांतराने हे सुटणार नाही. जर्मनमध्ये सगळ्या घड्याळांना एकच शब्द आहे, ‘ऊर’. मराठीतही तसंच, म्हणून त्यांची अडचण तुम्हाला चटकन कळेल. अंगावर बाळगायचं ते वॉच, मग ते मनगटावरचं असो की खिशातलं. टांगायचं, ठेवायचं किंवा मनोऱ्यात बसवायचं ते क्लॉक. गजराचं घड्याळही त्यातच. वाळूचं घड्याळ म्हणजे अवरग्लास आणि सावलीचं सनडायल, हे दोन शब्द मात्र वेगळे लिहून द्या. काटा दाखवतो म्हणून जर्मनमध्ये तो ‘त्साइगर’. त्यावरून ते ‘पॉइंटर’ म्हणतील. इंग्रजीत तो हँड. घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर ‘फाइव्ह मिनिट्स फास्ट’. रोज पाच मिनिटं पुढे पळत असेल तर ‘गेन्स’. हा फरक यंत्रांवर काम करणाऱ्यांना नीट कळला पाहिजे.

त्याहून महत्त्वाचं आहे वेळ सांगणं, कारण इथे चुकलं की तासाभराची चुकामूक होते. जर्मन ‘हाल्प द्राय’ म्हणजे शब्दशः ‘अर्धे तीन’, पण वेळ अडीचची. आपण ‘पावणेतीन’ म्हणताना येणारा तास धरतो, तसा ते अर्ध्यालाही धरतात. ब्रिटिश बोलण्यातलं ‘हाफ थ्री’ म्हणजे मात्र साडेतीन. म्हणून वर्गात ‘हाफ’ काही दिवस बंदच ठेवा. ‘टू थर्टी’ म्हणू द्या.

आता तलाव. जर्मन ‘झे’ पुल्लिंगी असेल तर तलाव, स्त्रीलिंगी असेल तर समुद्र. बोडेनझे पुल्लिंगी, म्हणून लेक कॉन्स्टन्स. नॉर्टझे स्त्रीलिंगी, म्हणून नॉर्थ सी. इंग्रजी शब्द विचारण्याआधी ‘देअर (पुल्लिंगी) की डी (स्त्रीलिंगी)?’ असं विचारा. उत्तर त्यांच्याच भाषेतून मिळेल. ‘मेअर’ म्हणजे समुद्र, पण हॅनोव्हरजवळचं श्टाइनहूडर मेअर हा तलावच आहे. सूरसागरच्याही नावात सागर आहे, तेव्हा ही जोडी एकत्र शिकवली तर पक्की लक्षात राहील. आजवा सरोवर बांध घालून केलेलं, म्हणून ते रेझरवॉयर.

‘बेर्क’ म्हणजे टेकडीही आणि डोंगरही. थोडक्यात सांगायचं तर बर्लिनची 66 मीटरची क्रॉइत्सबेर्क टेकडीही बेर्क आणि 2962 मीटरचं त्सुगश्पित्से शिखरही. इंग्रजीत पहिली हिल, दुसरं माउंटन, पावागड हिल.

शेवटी उच्चार. ते ‘व्हॉच’ म्हणतात, कारण जर्मन डब्ल्यूला वरचे दात ओठाला लागतात. त्यांना आधी ‘ऊर’मधला ‘ऊ’ म्हणायला लावा आणि ओठ तसेच गोल ठेवून ‘ऊ-ऑच’ भरभर म्हणायला सांगा.