सरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत माणसं घेतल्याने खरंच पैसे वाचतात का?

कायम कर्मचाऱ्याच्या मानाने वाचतात. पण तीच माणसं थेट करारावर घेतली असती तर? त्या हिशोबात एजन्सी महागच. जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या कार्यालयात मी लेखा शाखेत होतो, ही बिलं माझ्याच टेबलावरून जायची.

पगार 10,000 धरा. त्यावर मालकाचा पीएफ 13 टक्के, ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याचे सव्वातीन टक्के, वर 18 टक्के जीएसटी. एजन्सीचं कमिशन शून्य धरलं तरी 13,717 रुपये जातात आणि माणसाच्या हाती पडतात 8,725. टेंडरमध्ये कमिशन शून्याच्या आसपासच भरतात. मग कमावतात कुठून?

2021 च्या मे महिन्यात झाडूकाम करणाऱ्या मावशींनी मोबाइल पुढे केला, म्हणाल्या पीएफ बघा. पासबुकात एक रुपया नव्हता. बिलामागे लावलेलं, पीएफ भरल्याचं चलन आणि त्यासोबतची यादी काढली. यादीत 42 नावं होती, आमच्या 11 जणांपैकी एकही नाही. दुसऱ्याच कुठल्या कामाचं चलन झेरॉक्स करून जोडलेलं! वर मावशींचं एटीएम कार्ड सुपरवायझरकडे.

मी बिल अडवलं. साहेब म्हणाले, "भाऊसाहेब, माणसं एजन्सीची आहेत, आपली नाहीत. बिल लावा." नाही लावलं. एजन्सीने दोन महिने पगार अडवला आणि दोष माझ्यावर आला. मावशी रोज दारात उभ्या राहून विचारायच्या, "भाऊ, पगार उना का?" ते अजून खुपतं.

पण साहेब चुकलेच होते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम 21 स्पष्ट सांगत होतं: ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्या कार्यालयाने, द्यायचा. पीएफ योजनेचा परिच्छेद 30 पीएफबद्दल तेच सांगत होता. म्हणजे माणसं आपलीच होती. मी तसं टिपणीत लिहिलं, तेव्हा कुठे 19 पैकी 7 महिन्यांचा पीएफ जमा झाला.

जीएसटी सरकारकडेच परत जातो, हे मान्य. पण कार्यालयाच्या तरतुदीतून तो गेलेलाच असतो. 2023 च्या सप्टेंबरमध्ये माणसं पुरवायला नऊ एजन्सी नेमायचा शासन निर्णय निघाला, ऑक्टोबरमध्ये रद्द झाला, तरी जुने ठेके चालूच राहिले.

तुम्ही बिलं तपासत असाल तर नुसतं चलन घेऊ नका. नावांसह ईसीआर, म्हणजे कोणाचा किती पीएफ भरला ते दाखवणारं विवरण, मागा आणि एकेक नाव हजेरीपटाशी लावून बघा. साहेब ओरडले तर टिपणी लेखी ठेवा.